खळीत मोरचूद घालण्याआधी माणसे शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञानभारतम् मोहीम जाहीर झाली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि संवर्धन हे तिचे उद्दिष्ट. पहिली दोन कामे माणसे नेमून करून घेता येतील. संवर्धनाचे तसे नाही. ते करणारा हात तयार व्हायलाच दोन-तीन वर्षे जातात आणि त्या वर्षांचा खर्च कुणी उचलायचा, हा प्रश्न दर वेळी बाजूला पडतो.

एकाच रुमालात, म्हणजे जुने कागद बांधून ठेवलेल्या कापडी गाठोड्यात, पेशवाईतला मोडी कागद आणि इंग्रजी अमदानीतली वही अशी दोन्ही निघतात. मोडी कागदाची शाई काजळ आणि डिंकाची. ती उडत नाही, पण पाणी लागले की डिंक सुटतो आणि अक्षर पसरते. वहीतली शाई बहुधा हिराकस (लोहाचे संयुग) आणि मायफळाची. ती आम्लधर्मी असल्याने कागद खाते आणि अक्षराच्या जागी भोक पडते. म्हणून ओल्या प्रक्रियेआधी प्रत्येक शाईवर टाचणीच्या टोकाएवढा पाण्याचा थेंब ठेवून काही सेकंदांनी टीपकागद दाबून पाहतात. रंग उमटला तर तिथेच थांबायचे. पोथीतली चूक झाकायला लावलेला पिवळा हरताळ, ज्यावरून ‘हरताळ फासणे’ आले, तो तर आर्सेनिकचे संयुग. अशी पोथी उघड्या हातांनी, मास्क न लावता झटकणे धोक्याचे आहे.

फाटलेले पान जोडायच्या खळीचेही तसेच. बाइंडर मैद्याची खळ शिजवतात आणि कसर (कागद खाणारी कीड) लागू नये म्हणून तीत मोरचूद (तांब्याचे संयुग) टाकतात. हिशेबाच्या वहीला ते चालून जाते. जुन्या पानात मात्र मोरचुदातले तांबे कागदाच्या तंतूंचा ऱ्हास वाढवते, पट्टी तपकिरी पडते आणि तिच्या कडेने पान तुटते. संवर्धक कुरडयांसाठी काढतात तसे गव्हाचे सत्त्व वापरतो. एक भाग सत्त्वाला चार-पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत अर्धा-पाऊण तास, आणि गार झाल्यावर दोन-तीनदा चाळणीतून. ही खळ पुढे नुसत्या ओलाव्याने सुटते, त्यामुळे आजची दुरुस्ती उद्या काढावी लागली तरी मूळ पान शाबूत राहते. वर लावायचा जपानी कागद दर चौरस मीटरला दहा ग्रॅमच्या आसपास असतो. तो कात्रीने कापत नाहीत, पाण्याची रेघ ओढून फाडतात, म्हणजे तंतू मोकळे होऊन फाटक्या कडेवर बेमालूम बसतात. सेलोटेपचा चिकट थर पानात मुरून पिवळा डाग पाडतो. तो निष्णात हातांनाही बहुतेक वेळा पूर्ण काढता येत नाही.

हे पाच दिवसांच्या कार्यशाळेत हाताला वळत नाही. कार्यशाळेतून काय करू नये एवढे कळते, आणि ग्रंथपालांसाठी तेही मोलाचे आहे. लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा १९७६ पासून आहे, दिल्लीत १९८९ साली राष्ट्रीय संग्रहालय संस्था निघाली, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला संवर्धन केंद्र आहे. पण जिल्ह्याच्या गावी पोथ्यांचे कपाट सांभाळणाऱ्याला, पदरमोड करून, पगार बुडवून तिथे राहणे कसे परवडावे?

पैशाची वाट बंद नाही. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सामाजिक दायित्व निधीसाठी (सीएसआर) कला व वारसा जतन आहे आणि व्यवसाय-कौशल्यांचे शिक्षणही आहे. संवर्धकाची उमेदवारी, म्हणजे हाताखाली काम करत शिकणे, दोन्हींत बसते. देणगीदाराला इमारत किंवा स्कॅनर दाखवता येतो, विद्यावेतन फलकावर मिरवता येत नाही, एवढीच अडचण. राज्याने दर वर्षी निदान दहा जणांना ज्येष्ठ संवर्धकाच्या हाताखाली वर्षभर सविद्यावेतन उमेदवारी द्यावी. पहिले सहा महिने त्यांच्या हाती मूळ कागद देऊच नये, त्यांनी रद्दीतल्या जुन्या वह्यांवर हात बसवावा.

आणि पानामागे दर ठरवून सर्वांत स्वस्त निविदेला काम देणे थांबवावे. त्या दरात शाईची चाचणी परवडत नाही, म्हणून ती केलीच जात नाही. प्रत्येक पानाची दुरुस्तीपूर्व आणि दुरुस्तीनंतरची छायाचित्रे, वापरलेली खळ व कागद यांची नोंद दिल्याशिवाय देयक मंजूर होऊ नये, ही अट निविदेतच घालावी.

– एक कागद-संवर्धक, पुणे