आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ये, दिवाळीपर्यंत थांबू नको

चि. सोनूस, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आप्पा, उन्हाळ्यात तिकडे येऊन काय करायचं? नुसती आग. चिनूला दिवाळीत आणते, तेव्हा सगळं हिरवं असतं." मी बरं म्हणालो. पण संध्याकाळी बंधाऱ्यावर जाऊन बसलो तरी ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

दिवाळीतही ये. थंडी पडली की नकाण्याच्या तलावावर चक्रवाकांच्या भगव्या जोड्या उतरतात, कपाळावर पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी पोहत असतात. आपल्या फडातल्या गव्हाला पाटाचं पाणी सोडलं की बगळ्यांची रांग लागते. पाणी भेगांत शिरलं की किडे वर येतात, आणि बगळे पाण्याच्या चार पावलं पुढे चालत त्यांना टिपतात. तुझे आजोबा पाटकरी होते, ते म्हणायचे, पाणी कुठवर पोचलं ते बगळ्याला विचारा. चिनूला फड म्हणजे काय ते सांग. पांझरा नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखाली भिजणारी जमीन ते थळ, थळाचे तुकडे ते फड आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. ही पाणी वाटून घेण्याची रीत काही शतकं जुनी आहे.

पावसाळ्याचं तर तुला सांगायला नको. मृगाच्या आधी पावशा 'पेरते व्हा' म्हणत गाव जागवतो. बंधाऱ्यावरून पाणी पडायला लागलं की रात्री घरात आवाज येतो, आणि डबक्यात मोठाले बेडूक हळदीसारखे पिवळे होऊन ओरडतात. पाठीला वाळका भोपळा बांधून तुला विहिरीत उतरवलं होतं, ते आठवतं? तेव्हा तू रडायची थांबलीस ती वरच्या बाभळीवरच्या सुगरणीच्या खोप्यांकडे बघून. नर अर्धा खोपा विणून त्यात ओल्या मातीचे गोळे चिकटवतो, मग मादी येऊन पारख करते. ते तू पाण्यात तरंगत पाहिलंस. आता त्या विहिरीला कठडा केलाय, पण बाभूळ आहे.

पण मला खरं सांगायचंय ते उन्हाळ्याचं. आता नदी आटली. बंधाऱ्याखाली एक डोह उरलाय, आपल्या अंगणाएवढा. आजूबाजूच्या रानातलं सगळं आता तिथे येतं. पहाटे गेलं की ओल्या गाळावर रात्रीची हजेरी मांडलेली असते. रोहीचे खूर, रानडुकरांनी उकरलेलं, मोराची तीन बोटं, मुंगसाची बारीक पावलं. बाकीच्या महिन्यांत पाणी सगळीकडे, म्हणून ही मंडळी पांगलेली असतात. चिनू म्हणते, तिने सगळे पक्षी मोबाइलमध्ये पाहिलेत. तिला सांग, रानपिंगळा ११३ वर्षं कुणाला दिसला नव्हता, तो १९९७ साली आपल्याच खानदेशात, शहाद्याजवळ सातपुड्यात सापडला. तो शोधायला माणसं रानात फिरली होती.

आता टिटवीचं. खालच्या शेतात, नांगरलेल्या ढेकळांत तिने पाडव्याला पहिलं अंडं घातलं. आता चार झालीत, मातीच्या रंगाची, काळे ठिपके, निमुळती टोकं आत. घरटं म्हणजे नुसता खळगा आणि चार खडे. भर दुपारी उन्हात ती डोहावर जाते, पोट पाण्यात बुडवते, आणि भिजल्या पिसांनी येऊन अंड्यांवर बसते. परत जाते, परत येते. नर आणि मादी दोघंही हे करतात. मी काल दोन तास लिंबाखाली बसून पाहिलं. चोचीतून नाही, पंखातून नाही, पोटावरून पाणी आणतात गं, अंडी शिजू नयेत म्हणून!

तू दहावीत होतीस त्या वर्षी मी असंच एक घरटं ट्रॅक्टरखाली घातलं होतं. ती डोक्यावर ओरडत होती, मला ऐकू येत होतं, पण पाऊस तोंडावर होता आणि मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी ती दोघं त्याच जागेवर घिरट्या घालत होती. तुला तेव्हा सांगितलं नाही. तेव्हापासून घरटं दिसलं की चार काठ्या रोवतो आणि तेवढा तुकडा सोडून नांगरतो.

अंडी उबायला अठ्ठावीस-तीस दिवस लागतात. म्हणजे पिल्लं आखाजीच्या आसपास निघतील. पण निघाली की लगेच चालू लागतात, आणि ढेकळांत अशी दबून बसतात की पायाशी असली तरी दिसत नाहीत. म्हणून सणाच्या दोन दिवस आधीच ये. आईने घागर आणून ठेवलीय, लिंबाला झोका बांधायचाय. ती रोज म्हणते, "पोरले आखाजीले धाडा म्हना."

चिनूला टोपी आण आणि सुती कपडे. दुपारी दोनला तिला घेऊन लिंबाखाली बसायचंय, आणि तेव्हा अजिबात बोलायचं नाही, हे तिला आत्तापासून सांगून ठेव.

तुझे आप्पा