मृणालला, अमरावतीच्या पत्त्यावर

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

गणेशपेठेतून तुझी एसटी सुटली तेव्हा बाबा गप्प होते. घरी आल्यावर चप्पल काढता काढता विचारलं, "नी-कॅप घेतली ना तिनं?" गुडघ्याचं नाव या पत्रात काढायचं नाही असं मी ठरवलं होतं. घे, आलंच.

अमरावतीच का, असं मी तुझ्या खो-खोच्या सरांना विचारलं होतं. मग काय, गाडी सुटलीच त्यांची! हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं, तिथली पोरं १९३६ला बर्लिन ऑलिंपिकला जाऊन कबड्डी दाखवून आली... स्वतःच गेल्यासारखे सांगत होते. तुझ्या बी.पी.एड.चं वेड त्यांनाच जास्त लागलंय. आत्याचं आपलं, "काहून बाप्पा, एवढे मार्क असून शिट्टी वाजवणार?" बोलू दे तिला. परवा पापडवालीने विचारलं तेव्हा 'पीटीची टीचर होणार' हे मी जरा मोठ्यानेच सांगितलं.

नववीत हाफ पँटचं ऐकून आजीने दारच लावून घेतलं होतं, आठवतं? सर ओट्यावर बसून राहिले. आजीने पाणीही विचारलं नाही. शेवटी तेच म्हणाले, "सलवारीत पळू द्या आजी, पण पळू द्या." पुढे पहिल्या मॅचला त्याच हाफ पँटला इस्त्री कोणी केली, तर आजीने.

आणि ते मे महिन्यातले कॅम्प! पंचेचाळीसचा पारा, म्हणून पहाटेच ग्राउंड. खिळ्याने भोकं पाडलेल्या डब्यातून सर चुन्याची लाइन मारायचे. ऊन चढायच्या आत शिट्टी, आणि घरी सोडताना प्रत्येकीच्या खिशात कांदा आहे का ते बघायचे.

लिगामेंटच्या ऑपरेशननंतर रोज संध्याकाळी यायचे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, "दाब. पाच मोज. सोड." तू रडायचीस, ते मोजत राहायचे. मी स्वयंपाकघरात उगाच कुकर घासत बसायची.

डॉक्टरांचे नऊ महिने झाले, कबूल. तरी पहिल्याच आठवड्यात खांबावर झेप घेऊ नकोस. दुखलं तर दुखतंय म्हणून सांग, त्यात लाज कसली? शिकवणाऱ्याचे गुडघे रिटायर होईपर्यंत पुरायला लागतात. सर जिना कसे आडवे होऊन उतरतात, पाहिलंस ना? खो-खोत एकदा दिशा घेतली की माघारी फिरता येत नाही, हे तूच मला शिकवलंस. पण अमरावतीहून नागपूरला गाड्या सुटतच असतात.

झालं माझं लेक्चर. रागावू नकोस गं.

तिळाची चटणी रूमवरच्या पोरींना दे, जवसाची तुला. आणि रविवारी सरांना फोन कर. गुडघ्याचं खरं मला सांगणार नाहीस, त्यांना सांगशील. ते मला सांगतात.

तुझी,
आई