मालिशीची शाळा

प्रिय भावा,

सप्रेम नमस्कार. फोनवर तू हसून विचारलंस, "या वयात हे मालिशीचं काय खूळ काढलंस?" त्याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नसतं, म्हणून निवांत लिहायला बसलोय. वहिनींना सांग, तुमच्या मित्राचं डोकं अजून ठिकाणावर आहे.

शिरोलीच्या फौंड्रीतली, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातली माझी नोकरी तुला ठाऊकच आहे. शेवटी शेवटी मशीन मोल्डिंग आलं आणि हातानं साचे घालणारे आम्ही नुसते उभं राहून देखरेख करायला उरलो. वाळू तपासायची जुनी रीत मात्र माझी सुटली नाही. मूठभर वाळू घ्यायची, दाबायची, मूठ उघडायची. बोटांचे ठसे स्वच्छ उमटले, गोळा मधोमध मोडला आणि कडा ढासळल्या नाहीत, म्हणजे ओल बरोबर. लॅबचा आकडा मागाहून यायचा. आता कुणाच्या खांद्यावर हात ठेवला की तसंच होतं बघ. कुठं कोरडं, कुठं ताठ, कुठं गाठ बसलीय, ते माणसानं तोंड उघडायच्या आधी हाताला लागतं. नोकरी सोडली ती पाठीपायी, आणि पाठीवर इलाज करून घेता घेताच या धंद्याची गोडी लागली. पुण्यात कोर्स केला, विशीतल्या पोरापोरींच्या शेजारी बाकावर बसून २०६ हाडं घोकली. मग तिथल्याच एका वैद्यांकडं पंचकर्माच्या खोलीत राबलो. ते सगळं सांगत बसत नाही, त्यात विशेष काही नाही.

विशेष पुढं आहे. शिकून गावात परतलो तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की या विद्येची कोल्हापुरात कधीच वाण नव्हती. आपण लहानपणी तालमीत जायचो ते आठव. मेहनत झाली की थोरले पैलवान पालथे पडायचे आणि आपण पोरं त्यांच्या पाठीवर तेल रगडायचो, पिंढऱ्या तुडवायचो. वस्ताद नुसत्या नजरेनं सांगायचे, "आरं, हाडावर नगं, मांसावर." तो माझा पहिला धडा, फक्त तेव्हा कळलं नाही. शाहू महाराजांनी खासबागचं मैदान उभं केलं, १९१२ सालापासून तिथं कुस्त्या होतायत. जिंकलेल्या पैलवानाची हत्तीवरनं मिरवणूक निघालेली आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलीय. पण त्याचं अंग ज्यानं मोकळं केलं त्याचं नाव कुणाला आठवतंय? तीच गत बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बायकांची. दोन-तीन पिढ्या त्यांच्या पायांवर वाढल्या आणि हिशेब शेवटी एक लुगडं नि नारळावर मिटला. हातात एवढी कला असून या लोकांना ना दर, ना मान. शाळा काढली ती एवढ्याचसाठी. बाकी मी लोकांना सांगतो ती कारणं जरा सजवलेली असतात.

जागेसाठी फार वणवण झाली. मालिश म्हटलं की घरमालकाचा चेहरा बदलायचा. एकानं तर सरळ विचारलं, "पोलीस यायचे नाहीत नव्हं?" त्याचाही दोष नाही म्हणा, मसाजच्या पाट्यांखाली काय काय चालतं ते पेपरात येतंच. शेवटी उद्यमनगरात एका बंद लेथ कारखान्याची माडी मिळाली. खाली अजून लोखंडाचा वास येतो, मला तो बरा वाटतो. वर दोन खोल्या, एक बायकांची, एक पुरुषांची. बायकांना बाईच शिकवते, पुरुषांना मी. दारं आतून लावायची नाहीत, जाड पडदे आहेत. पहिल्याच दिवशी हा नियम सांगितला की निम्म्या घरच्यांची काळजी मिटते.

पहिले कितीतरी दिवस मी कुणाला तेलाला हात लावू देत नाही. कुठं हात लावायचा नाही, ते आधी. ताप असेल तर नाही. फुगलेल्या निळ्या शिरांवर दाब नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारल्याशिवाय नाही. आणि एकच पिंढरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर मुळीच नाही, कारण आत रक्ताची गाठ असली तर रगडल्यानं ती सुटून थेट फुप्फुसात जाऊ शकते. असाच एक ट्रकवाला आला होता, लांबचा पल्ला मारून. पोरानं पाय बघितला आणि हात मागं घेतला. गडी खवळला, "पैसं देतोय, उपदेश कशाला?" पोरगं घाबरलं, पण हटलं नाही, त्याला रिक्षात घालून दवाखान्यात पोचवलं. गाठ निघाली. पुढं कधीतरी त्या ट्रकवाल्यानं गुळाचा अख्खा रवा, म्हणजे ढेपच, आणून टाकला, शाळा अजून त्याच गुळाचा चहा पितीय.

मान कडाड मोडायलाही बंदी आहे. सलूनमधल्या त्या झटक्याचा तुला मोठा शौक, म्हणून मुद्दाम लिहितो. मानेतून मेंदूला जाणारी रक्तवाहिनी अशा झटक्यानं आतून फाटू शकते आणि धडधाकट माणसाला लकवा मारू शकतो. सोड ते.

आता बावड्याच्या मावशींचं सांगतो. साठीच्या आहेत, जन्मभर बाळं न्हाऊ घातलेली. शिकायला आल्या तेव्हा मलाच शिकावं लागलं. पाटावर पाय लांब करून बसतात, नडग्यांवर बाळ आडवं घेतात, तळहात आधी एकमेकांवर घासून गरम करतात आणि छातीपासून खांद्याकडं असा हात नेतात की रडणारं पोर मधेच गप होऊन त्यांच्याकडं बघत राहतं. ते माझ्या हाताला अजून साधलेलं नाही. पण बाळाचं नाक चिमटीत धरून सरळ करणं आणि कानात-नाकात तेल सोडणं यावरून आमचं वाजलं. नाक दाबून लांब होत नाही आणि नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं, हे मी सांगून पटेना. "माझ्या हातची पोरं काय मेली का?" शेवटी बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना शाळेत बोलावलं, त्यांनी तासभर समजावलं. मावशींनी ऐकून घेतलं, मान हलवली नाही. पण पुढच्या बाळाला तेल सोडलं नाही. आता त्याच बाकीच्या बायकांना दटावतात आणि पैसे आधी ठरवून मगच जातात!

तालमीच्या पोरांशी वाद वेगळा. मेहनतीनं अंगात साठलेलं आम्ल मालिशीनं निघून जातं, असं त्यांना कुणीतरी जिममध्ये सांगितलेलं. ते आम्ल तासाभरात आपसूक निघून जातं, मालिश करा अथवा नका करू. दुसऱ्या दिवशीची ठणक असते ती स्नायूंच्या धाग्यांना पडलेल्या बारीक चिरांची. मालिशीनं ती ठणक कमी वाटते, ताठपणा ढिला होतो, झोप लागते. एवढं पुरेसं आहे की, खोटं कशाला जोडायचं? आणि आम्ही डॉक्टर नाही, फिजिओही नाही, हे मी भिंतीवर लिहून ठेवलंय. हाड बसवतो म्हणणाऱ्याला शाळेतून काढतो.

पैशाचं विचारलंस. भाडं, तेल, टॉवेल धुणावळ जाऊन घर चालतं, गाडी येणार नाही. फी हप्त्यानं घेतो, हप्ते बुडतातही. शिकलेली पोरं गोव्याच्या हॉटेलांत जातात, तिथं पगार बरा. जाऊ देत. त्यांना एकच बजावतो, दिवसाला चार अंगं, पाचवं नाही, आणि अंगठ्यानं दाबू नका, कोपर वापरा, पाय मागं टाकून अंगाचं वजन द्या. अंगठा गेला की धंदा गेला. चांगले हात असलेली माणसं चाळिशीतच यातनं बाहेर पडलेली मी बघितलीत.

आता खरं काम. वर्गात टांगलेले स्नायूंचे तक्ते इंग्रजीत आहेत, छपाई अशी की ट्रॅपेझियस, म्हणजे मानेपासून पाठीवर उतरणारा स्नायू, कुठं संपतो नि खालचा कुठं सुरू होतो ते कळत नाही. मावशींना तर अक्षरंही लागत नाहीत. तू जन्मभर पोरांना चित्रकला शिकवलीस, पैलवानांची स्केचेस तर तालमीच्या कट्ट्यावर बसून ढीगभर केली होतीस. मला पाठीचा, खांद्याचा आणि पायाचा असे तीन मोठे तक्ते काढून दे. दाराएवढे, कापडावर, रंग मातीतले चालतील, नावं मराठीत मी सांगतो. धागे कुठल्या दिशेनं धावतात ते मात्र ठळक हवं, हात त्याच दिशेनं जातो. पैसे देणार आहे, आढेवेढे घेऊ नकोस.

दिवाळीनंतर नवी बॅच आहे, त्याआधी ये. मॉडेल म्हणून आपला भाचा आहे, गंगावेस तालमीत जातो, पाठ बघशील तर खूश होशील. रात्री दूधकट्ट्यावर ताजं दूध प्यायला जाऊ. तुझा तो डावा खांदा अजून दुखतो म्हणे, तेही बघू. येताना जुनी स्केचबुकं आण.

तुझाच,
पेठेतला पार्टनर