कपबशी कशाला फोडलीस?

नाशिक,
रविवार दुपार

प्रिय सुलू,

दिवाळी अंकासाठी लिहिलेली तुझी कथा काल दोनदा वाचली. भाषा नेहमीसारखीच, हेवा वाटावा अशी. पण ती मुलगी कपाटातली दत्तकाची फाईल उघडते, हातातून कपबशी पडते आणि पुढच्याच पानावर बाईसाहेब 'खऱ्या आई'च्या शोधात! अगं, कपबशी कशाला फोडलीस?

आमच्याकडची फाईल निळी आहे. रेशनकार्ड आणि लाइट बिलांच्या पिशवीतच असते. सईनं साडेतीन वर्षांची असताना कोर्टाच्या आदेशामागे मांजर काढलंय. (आता २०२२ पासून आदेश जिल्हाधिकारी देतात, तेव्हा कोर्टात जावं लागायचं.) तिला आम्ही 'सांगितलं' असा वेगळा दिवसच नाही. झोपताना ऐकायच्या गोष्टीतच ते सगळं होतं: कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या वेबसाइटवर आलेला तिचा फोटो, होकार कळवायला दिलेले ४८ तास आणि ह्यांनी चौथ्याच मिनिटाला दाबलेलं बटण.

दुसरं, तुझी जन्मदाती. देवळाच्या पायरीवर बाळ ठेवते आणि पावसात नाहीशी होते. पाऊस तर हवाच! पण प्रत्येक मूल पायरीवरून येत नाही गं. काही आया स्वतः बालकल्याण समितीपुढे येऊन, कागदावर सही करून मूल सोपवतात. त्यानंतर विचार बदलायला कायदा ६० दिवस देतो. तुला कथाच हवी ना? मग ते ६० दिवस लिही. अंगावरचं दूध आटायचंय, घरात कुणी विषय काढत नाही, आणि भिंतीवर कॅलेंडर. तिला देवीही करू नकोस आणि कैदाशीणही.

आपल्याकडे रक्ताच्या ओढीचं फार कौतुक. सासूबाईंच्या मालिकेत परवा कुणीतरी किंचाळलं, "ती आपल्या रक्ताची नाही!" सई पोळी खाता खाता म्हणाली, "आजी, माझं बी पॉझिटिव्ह, तुझंही तेच." सासूबाईंनी आवाज बारीक केला.

आणि कर्ण! आपण कवचकुंडलांवरच अडकलो. उद्योगपर्व काढून बघ. कृष्ण त्याला जन्माचं गुपित सांगतो तेव्हा त्याच्या हातून काही पडत नाही. तो म्हणतो, मला पाहून राधेला (त्याला वाढवणाऱ्या आईला) पान्हा फुटला, तिनं माझं मलमूत्र काढलं, तिचा पिंड मी कसा डावलू? एवढ्या थोर ग्रंथात शी-शू आहे, आणि आपल्या कथांत नुसते अश्रू.

गेल्या महिन्यात पाहुण्यांना घेऊन पंचवटीत सीतागुंफेत उतरले. वाकून वाकून कंबर गेली. नांगराच्या तासात सापडलेली पोर, पण सगळा गाव तिला जानकी म्हणतो. त्या रांगेत आजवर कुणी विचारलेलं नाही, तिचे खरे वडील कोण ते.

कथा फेकू नकोस. फाईलचा प्रसंग तेवढा पुन्हा लिही. मी सईला विचारलं, अशी मुलगी फाईल उघडून आधी काय बघेल? ती म्हणाली, "फोटो. माझ्या फोटोत नाकाला शेंबूड आहे, तो कुणी पुसला का नाही?"

तुझी,
नीता