स्वीकारलेला पॅच हाही प्रकल्पच

महोदय,

मार्च उजाडला की अप्पा बळवंत चौकात बाइंडिंग करून देणाऱ्या दुकानांपुढे शेवटच्या वर्षाची मुले ताटकळलेली दिसतात. काळा नाहीतर मरून पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरे. आत काय असते ते मला चांगले ठाऊक आहे. गणित शिकवण्यात आणि असे प्रकल्प तपासण्यात माझी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतरही बाह्य परीक्षक म्हणून बोलावणे येतेच. पहिली तीन प्रकरणे इंटरनेटवरून उतरवलेली असतात, चौथे मागच्या बॅचचे. ऋणनिर्देश तेवढा स्वतःचा, तोही नेहमी नाही.

यंदा एका महाविद्यालयात (नाव घेत नाही) एक मुलगी तोंडी परीक्षेला पुठ्ठ्याशिवायच आली. लॅपटॉप उघडून तिने सिम्पाय या सॉफ्टवेअरमध्ये केलेली आणि तिथल्या मंडळींनी स्वीकारलेली एक दुरुस्ती, म्हणजे पॅच, दाखवली. सिम्पाय म्हणजे पायथन या संगणकी भाषेतला एक मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता आणि सुधारता येणारा, संच. आकडे न घालता, अक्षरे तशीच ठेवून तो विकलन-संकलन करतो, समीकरणे सोडवतो. ओंद्रेय चेर्तिक या चेक विद्यार्थ्याने २००५ च्या उन्हाळ्यात तो लिहायला घेतला. आज जगभरची माणसे, त्यात आपल्याकडची पुष्कळ मुले, त्यात भर घालतात.

तिने शोधलेली चूक अशी, की एका फंक्शनला विशिष्ट प्रकारची ऋण राशी दिली तर उत्तराचे चिन्ह उलटे यायचे. ज्या गोष्टीपायी मी प्रथम वर्षाच्या वह्यांवर आयुष्यभर लाल शाई ओतली, तीच इथेही मुळाशी होती: ‘क्ष वर्गाचे वर्गमूळ क्ष’ असे डोळे झाकून लिहून मोकळे होणे. क्ष उणे तीन असेल तर वर्ग नऊ आणि नऊचे वर्गमूळ तीन. उणे तीन नव्हे. खरे तर सिम्पाय याबाबतीत आपल्या मुलांपेक्षा शहाणे आहे. क्ष कसा आहे हे सांगितले नाही, तर ते वर्गमूळ जसेच्या तसे ठेवते. क्ष वास्तव आहे म्हटले तर केवल मूल्य देते, आणि धन आहे म्हटले तरच नुसता क्ष. पण एवढ्या मोठ्या पसाऱ्यात एखाद्या कोपऱ्यात कुणाच्या तरी हातून हे सुटते, आणि ते नेमके हिला सापडले.

मग तिने दुरुस्ती पाठवली. तपासणाऱ्याने, ज्याला तिने कधी पाहिलेलेही नाही, पहिलाच प्रश्न विचारला: राशी संमिश्र असेल तर काय? हिच्याकडे उत्तर नव्हते, पुस्तकाकडे परत जावे लागले. उत्तर मिळाले तर कोड बरोबर चालतो का हे आपोआप तपासणाऱ्या जुन्या चाचण्यांपैकी एक कोसळली, कारण भलत्याच ठिकाणचा कोड त्या चुकीच्या चिन्हावर विसंबून होता. तोही सावरला. मग सूचना आली की नव्या चाचण्या लिहा, म्हणजे ही चूक पुन्हा शिरली तर आपोआप पकडली जाईल. शेवटी मूळ दुरुस्ती चार ओळींची उरली आणि चाचण्या तिच्या कितीतरी पट. ती सगळी देवाणघेवाण मी तिथेच बसून वाचली. माझ्या उभ्या नोकरीत कुठल्या तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला इतके कसून आणि इतक्या सभ्यपणे विचारलेले मला आठवत नाही.

आमच्या टेबलावरचे प्रश्न मात्र वेगळे होते. ‘गाइड कोण?’ ‘पाने किती?’ ‘साहित्यचोरी तपासल्याचे प्रमाणपत्र कुठाय?’ एक जण तर म्हणाले, ‘हे सगळं वेबसाइटवर आहे, म्हणजे कॉपीच की!’ मी हुज्जत घातली, पण नियमात बसत नाही म्हटल्यावर संपले. मुलीला आठवड्याची मुदत मिळाली. तिने त्या चार ओळी साठ पानांवर पसरल्या, सोनेरी अक्षरे करून आणली आणि तिला उत्तम गुण मिळाले. गुण कशाला मिळाले ते विचारू नका.

हे पत्र लिहिण्याचे कारण हेच. मुक्त गणिती सॉफ्टवेअरमध्ये स्वीकारले गेलेले काम प्रकल्प म्हणून ग्राह्य धरावे. जी सॉफ्टवेअर फुकट मिळतात म्हणून आपण प्रात्यक्षिकांत बिनदिक्कत वापरतो, त्यांना आपल्या महाविद्यालयांतून परत काही जात नाही, आणि एखादीने दिले तर आपण तिला पाने मोजायला लावतो.

मॅक्सिमा या मुक्त गणिती सॉफ्टवेअरचेच पाहा. आपल्याकडे कित्येक प्रयोगशाळांत मुले त्यावर आलेख काढतात, समीकरणे सोडवतात. त्याचा पूर्वज ‘मॅकसिमा’ (Macsyma) १९६८ पासून अमेरिकेत एमआयटीमध्ये घडला. १९८२ पासून त्याची एक प्रत टेक्सासमधले गणिताचे प्राध्यापक विल्यम शेल्टर यांनी सांभाळली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडून परवानगी मिळवून त्यांनी ती सर्वांसाठी खुली केली, आणि २००१ मध्ये वारले तोपर्यंत ते तिची देखभाल करत होते. त्यांनी ती प्रत टाकून दिली असती, तर आमच्या प्रथम वर्षाच्या मुलांपुढे दोनच वाटा उरल्या असत्या: परवडत नाही असे विकतचे सॉफ्टवेअर किंवा त्याची क्रॅक केलेली प्रत. ही दुसरी वाट आपल्याकडे किती रुळलेली आहे हे प्रयोगशाळेत पाय ठेवलेल्या कुणालाही सांगायला नको.

सेजमॅथ या दुसऱ्या मुक्त गणिती सॉफ्टवेअरची गोष्ट जरा कडू आहे. विल्यम स्टाइन या अमेरिकी गणितज्ञांनी २००५ मध्ये ते सुरू केले. पारी, गॅप, मॅक्सिमा अशी आधीपासूनची मुक्त सॉफ्टवेअर त्यांनी पायथनने एकत्र जोडली. तिथला एक नियम मला फार आवडतो: प्रत्येक फंक्शनसोबत उदाहरण आणि त्याचे अपेक्षित उत्तर लिहायचेच. ती उदाहरणे संगणक पुन्हा पुन्हा चालवून पाहतो, आणि दुसऱ्या कुणी तपासून होकार दिल्याशिवाय काम आत जात नाही. अशा उभारणीचा म्होरक्या विद्यापीठात सुखाने राहिला असेल असे वाटते ना? स्टाइन यांनी शेवटी स्वतःची कंपनी काढली आणि प्राध्यापकाची कायमची नोकरी सोडली. सॉफ्टवेअरच्या कामाला शोधनिबंधाइतकी किंमत नसणे हे दुखणे फक्त आपले नाही, एवढेच त्यातून दिसते.

यावर आक्षेप काय येणार हेही मला माहीत आहे: गुण ठेवले की मुले कचरा पाठवतील. पाठवतील. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये एका उपक्रमात टी-शर्ट मिळतो म्हणून विरामचिन्हे बदलणाऱ्या निरर्थक ‘दुरुस्त्यां’चा असा पूर आला, की आयोजकांना ऐन महिन्यात नियम बदलावे लागले, आणि त्या पुरात आपल्याकडच्या मुलांचाही हात होता. आता तर एआयकडून कोड लिहून घ्यायला मिनिटही लागत नाही, आणि तो निस्तरतात ती माणसे बहुधा बिनपगारी असतात. म्हणूनच गुण पाठवलेल्या कामाला नकोत, स्वीकारलेल्या कामाला हवेत. ते सक्तीचे तर मुळीच नको. ज्याला पुठ्ठाच बांधायचा आहे त्याने खुशाल बांधावा. आणि परीक्षकाने त्या चर्चेतला एखादा प्रश्न समोर विचारावा, इतकेच. ज्याने स्वतः केले नसेल तो संमिश्र राशीपाशीच अडखळेल.

हे काही जगावेगळे मागणे नाही. पवईला आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणाऱ्या प्रकल्पात विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे सायलॅब या मुक्त गणिती सॉफ्टवेअरमध्ये लिहून देत आले आहेत, ती तपासली जातात, आणि त्याबद्दल मानधन व प्रमाणपत्र मिळत आले आहे. चित्रफितींतून सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ मराठीतही आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण) आणि फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक ठेवले आहेत, आणि गणिताच्या मुलांना ओजेटीसाठी पाठवायचे कुठे म्हणून विभागप्रमुख डोक्याला हात लावून बसतात. कुठल्याशा कार्यालयात एक्सेलचे तक्ते भरायला पाठवण्यापेक्षा हे काम कितीतरी पटीने गणिताचे आहे. आणि ज्या शहरात गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था उभी केली, जिथे आयसर ही विज्ञान संस्था आहे, तिथे असे काम तपासू शकणाऱ्या माणसांचा दुष्काळ नाही.

अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत प्रकल्पाच्या नियमावलीत एका कलमाची भर घालावी, अशी विनंती आहे: मान्यताप्राप्त मुक्त गणिती सॉफ्टवेअरमध्ये स्वीकारलेले काम, त्यावरच्या चर्चेच्या नोंदीसह आणि दोन पानांच्या टिपणासह, प्रकल्प म्हणून चालेल. शहरातल्या ज्या महाविद्यालयांना या नोंदी वाचायला कुणी हवे असेल, तिथे मी यायला तयार आहे. मानधन नको. प्रयोगशाळेतले इंटरनेट तेवढे त्या दिवशी चालू ठेवावे.

– एक निवृत्त गणित प्राध्यापिका, कोथरूड, पुणे