विषय: 'पायडल उलटं मारल्यामुळे सुटलं' या आपल्या निष्कर्षाबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तक्रार क्रमांक तुमच्याकडे आहे. तो मी फोनवर सात वेळा वाचून दाखवला, आठव्यांदा इथे लिहीत नाही. तुमच्या टोल-फ्री नंबरवरचा शेवटचा फोन ठेवून पाऊण तास झाला. मधे चहा घेतला, जरा शांत झालो आणि मगच लिहायला बसलो. कितपत शांत झालोय ते तुम्हाला पुढे कळेलच.

प्रकार असा. दीड वर्षापूर्वी तुमची हायब्रिड सायकल घेतली. शनिवारी ती तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिली, संध्याकाळी ८५० रुपये मोजून परत आणली. रविवारी सकाळी सिंहगड रस्त्याने खडकवासल्याला निघालो होतो. नांदेड फाट्याच्या पुढे एका बारीकशा चढाला सीटवरून उठून जोर लावला आणि डावं पायडल क्रँकमधून (पायडल ज्या दांड्यात बसतं त्यातून) आट्यांसकट निघून रस्त्यावर पडलं. त्याच्या मागोमाग मी. गुडघा आणि कोपर सोलवटलं. मागे पीएमपीची बस होती, ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला, म्हणून हे पत्र मी लिहितोय, घरच्यांना लिहावं लागत नाहीये.

पायडल उचलून पाहिलं तर त्याच्या आट्यांमध्ये चंदेरी कीस अडकलेला. क्रँकचं भोक आतून गुळगुळीत. सायकल ढकलत मागे आलो, तर रस्त्याकडेला पंक्चरची टपरी होती. कॉम्प्रेसर, पाण्याचं घमेलं आणि एक स्टूल, एवढाच संसार. त्या माणसाने पायडल हातात घेतलं, बोटाने आसाच्या टोकावरचं ग्रीस पुसलं आणि म्हणाला, "काका, हे आर आहे. उजवीकडचं. डावीकडे कुणी ठोकलं?" मग उजवीकडचं बघितलं. त्यावर एल. दोन्ही पायडलं उलटसुलट बसवलेली. त्याला निदान करायला अर्धा मिनिटही लागलं नाही. पैसे विचारले तर म्हणाला, केलंच काय मी, चहा पाजा. चहा पाजला.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात आणि उजव्याचे सुलटे, हे तुम्हाला सांगायला नको. सायकली तुम्हीच बनवता. ९/१६ इंचाचा आस, इंचाला वीस आटे, डावीकडचे उलट दिशेने कापलेले, म्हणजे चालवता चालवता पायडल सुटत जाऊ नये. स्टीलच्या आसाचं पायडल चुकीच्या बाजूला धरून लांब पान्याने रेटलं, तर ते जातं आत. अ‍ॅल्युमिनियमचा क्रँक मऊ असतो, बिचारा जागा देतो. आटे मात्र खलास होतात. तुमच्या मेकॅनिकला पहिल्या फेऱ्यातच पायडल अडलेलं कळलं असणार, कारण बरोबर बाजूचं पायडल पहिले चार-पाच फेरे नुसत्या बोटांनी बसतं. तरी त्याने रेटलं. एक नाही, दोन्ही.

आता विषयातल्या निष्कर्षाखेरीज तुमचं दुसरं म्हणणं असं की ही पायडलं मीच घरी काढून उलटी बसवली. महोदय, सोबत जॉबकार्डाची प्रत जोडली आहे. पाचवी ओळ वाचा. 'पेडल रिमूव्ह अँड री-ग्रीस', पुढे टिक, त्यापुढे सही. पायडलं काढली तुमच्या माणसाने, बसवली तुमच्या माणसाने, त्याचे पैसे त्या ८५० मध्ये धरले तुमच्या काउंटरने. मग मी कधी बसवली? शनिवारी रात्री झोपेत?

ही सायकल तुमच्याकडे आणावी अशी माझी मुळात इच्छाच नव्हती, हेही लिहून ठेवतो. मी सातवीत असल्यापासून सायकल खोलतोय. दिवाळीच्या सुट्टीत वडिलांच्या बावीस इंची सायकलचं ओव्हरहॉलिंग हा आमच्या घरचा कार्यक्रम असायचा. ताटलीत रॉकेल, त्यात छर्रे. मागच्या हबचे एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ, असे अठरा मोजून घ्यायचे. एखादा कपाटाखाली गेला की सापडेपर्यंत फराळ बंद. एक छर्रा खराब निघाला तरी सगळे बदलायचे, जुन्यात नवा मिसळायचा नाही, हे वडिलांनी तेव्हा शिकवलं. ती सायकलसुद्धा तुमच्याच कंपनीची होती, म्हणून सांगितलं. एरवी तुम्हाला माझ्या बालपणाशी काय करायचंय.

मला सगळं येतं असा माझा दावा नाही. रिमचा आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, मी स्वतः काढत नाही, पेठेतल्या जुन्या दुकानात नेतो. तिथले काका चाक फिरवून ब्रेक-शूच्या फटीकडे बघत स्पोक असे पिळतात की बघत राहावं. हायड्रॉलिक ब्रेकमधलं तेल बदलायच्या भानगडीतही मी पडत नाही. आणि एकदा चेनला स्प्रे मारताना मागच्या डिस्कवर उडवून मी पॅडची वाट लावली होती. महिनाभर ब्रेक गाढवासारखे ओरडत होते. शेवटी पॅड फेकले, नवे आणले. चूक माझी, पैसे माझे, तुम्हाला फोन केला नाही.

पण तुमच्या वॉरंटी कार्डावर लिहिलंय की वर्षातून दोनदा अधिकृत केंद्रात सर्व्हिसिंग केलं नाही तर फ्रेमची वॉरंटी रद्द. म्हणून आणली. म्हणजे हात लावायचा नाही ही अट तुमची, हात लावून मोडणार तुम्ही, आणि मोडल्यावर दोष मला, की मी हात लावला. याला काय म्हणतात ते पत्रात लिहिता येत नाही.

'हात लावला' हे तुम्हाला कुठून कळलं तेही सांगतो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, आधी काही मेंटेनन्स केलाय का? मी खरं सांगितलं. पंधरा दिवसांनी चेन पुसून तेल देतो, पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर. तिने लिहिलं, 'सेल्फ सर्व्हिस डन बाय कस्टमर'. त्याच कार्डावर खाली 'चेन अँड कॅसेट चेंज रिकमेंडेड, २,९००' असंही आहे (कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या). घरी येऊन स्टीलची पट्टी लावली. चेन झिजली की लांबते, त्यामुळे हिशोब सोपा असतो. पिनेपासून पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे चोवीस भागांचे बारा इंच. तिथे पट्टीवर बारा इंच आणि वर सोळावा भाग दिसला की चेन बदलायची वेळ झाली. माझी बारावर बारा होती, रेषेला रेष. एकोणतीसशे रुपये वाचले ते त्या 'सेल्फ सर्व्हिस'मुळेच.

आता आजचा फोन. अकरा मिनिटं सनई ऐकवल्यावर तुमच्या 'टेक्निकल टीमचे सीनिअर' लाइनवर आले. नाव विचारलं, तर म्हणाले पॉलिसीमध्ये नाही. संभाषण जसं झालं तसं देतो. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असणार, पडताळून बघा.

"सर, पायडल निघालं तेव्हा आपण सायकल चालवत होतात का?"

"नाही, पायडल एकटंच पुढे गेलं होतं." (हे बोलायला नको होतं, मान्य.)

"सर, आपण पायडल उलटं मारलं होतं का?"

"उलटं म्हणजे?"

"म्हणजे रिव्हर्स, सर. उलटं मारलं की आटे ढिले होतात."

महोदय, इथे मी काही सेकंद गप्प होतो. नेटवर्क गेलं असं वाटून ते तीनदा "हॅलो सर" म्हणाले. मग मी शक्य तितक्या सावकाश सांगितलं की उलटं मारलं तर फ्रीव्हील नुसतं टरटर वाजतं, पायडलवर भारच येत नाही. शाळेतली पोरं उतारावर दिवसभर उलटं पायडल मारतात. तसं पायडल सुटत असतं तर पुण्याच्या प्रत्येक उताराखाली पायडलांचा ढीग दिसला असता.

"बरोबर आहे सर, पण कंटिन्युअस मारलं तर होतं."

"मी चढावर होतो. चढावर कोण उलटं मारतं?"

"सर, ते आम्ही कसं सांगणार?"

मग मी उलट्या आट्यांचा मुद्दा काढला. दोन्ही पायडलं अदलाबदल झाली आहेत, डाव्या बाजूने निघालेल्यावर आर कोरलंय, फोटो ईमेल केलाय. त्यावर तुमचे सीनिअर, टेक्निकल टीमचे, म्हणाले:

"सर, पायडलला उलटे आटे नसतात. सगळे आटे एकाच साइडचे असतात. कंपनी स्टँडर्ड आहे."

मी तुमचं माहितीपुस्तक समोर घेऊन बसलो होतो. पान २१, आकृतीसकट. डावं पायडल घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने घट्ट करावे. वाचून दाखवलं.

"सर, ते मॅन्युअल जनरल असतं. आपल्या मॉडेलला लागू होईलच असं नाही."

मुखपृष्ठावर माझ्याच मॉडेलचं नाव आहे, तेही वाचून दाखवलं. पुन्हा सनई. परत आले तेव्हा आवाजात जरा माया होती.

"सर, सिस्टिममध्ये दाखवतंय की आपण स्वतः मेंटेनन्स केलाय. अशा केसमध्ये कंपनी लायबल नसते. पुढच्या वेळी एक्स्पर्टकडेच द्या सर, घरी ट्राय नका करू."

एक्स्पर्टकडेच द्या! एक्स्पर्टकडे दिली म्हणूनच तर पडलो!

शनिवारी घरी येताना डाव्या बाजूने बारीक टिकटिक येत होती. माझ्या हाताने बसवलेलं पायडल असतं तर मी तिथेच उतरून पान्याने तपासलं असतं. पण म्हटलं, सर्व्हिसिंग झालंय, नवीन ग्रीस आहे, दोन दिवसांत बसेल. तुमच्यावर विश्वास ठेवून मी स्वतःच्या कानांवर अविश्वास दाखवला. या एका गोष्टीसाठी दोष माझा, आणि तो तुमच्या सिस्टिममध्ये खुशाल नोंदवा.

वडिलांच्या त्या सायकलचं पायडल तीस वर्षांत एकदाही सुटलं नाही. रबर झिजलं, आस वाकला, पण सुटलं नाही. तेव्हा तुमच्याकडे टेक्निकल टीम नव्हती बहुतेक.

आता काय हवंय ते. दोन्ही बाजूंचे क्रँक नवे, पायडलांची जोडी नवी. ८५० रुपये परत. गुडघ्याच्या ड्रेसिंगचे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे पैसे, बिल सोबत आहे. माझ्या नोंदीतला 'सेल्फ सर्व्हिस'चा शेरा काढून फ्रेमची वॉरंटी कायम असल्याचं पत्र. आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात असं तुमच्या सीनिअर साहेबांच्या सहीने एका ओळीत लेखी. ही शेवटची मागणी गमतीची वाटेल. नाहीये.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत काही झालं नाही तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आता मी राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, तुमच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. मी निवृत्त माणूस आहे, वेळ भरपूर आहे. पुरावा म्हणून पायडलं कीस तसाच ठेवून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली आहेत. पंक्चरवाला साक्षीला येतो म्हणालाय, एका चहावर.

आणि हो. सायकल दुरुस्तीसाठी पुन्हा केंद्रात आणा असं मात्र कृपा करून कळवू नका. घरी माणूसही पाठवू नका. सामान कुरिअरने धाडा. पंधराचा पाना आहे माझ्याकडे.

आपला,
एक ग्राहक (तुमच्या सिस्टिमप्रमाणे 'अनधिकृत व्यक्ती')

सोबत: जॉबकार्डाची प्रत, फोटो चार, दवाखान्याचे बिल, माहितीपुस्तकाच्या पान २१ ची झेरॉक्स (तुमच्याकडे नसेल म्हणून)