परदेशी निघालेल्या मुलांना वणव्याचं कोण सांगणार?

संपादक महोदय,

आमच्या शेजारची मुलगी येत्या फेब्रुवारीत मेलबर्नला शिकायला चालली आहे. परवा तिची आई सामानाची यादी दाखवायला आली. कुकर, मेतकूट, गोडा मसाला, थंडीचं जॅकेट, सगळं होतं. मी विचारलं, मास्क घेतले का? ती म्हणाली, "आता कुठे करोना राहिलाय?" त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

जानेवारी २०२० मध्ये माझा मुलगा ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात शिकत होता. भाडं परवडावं म्हणून त्याने विद्यापीठापासून लांब, शहराच्या दक्षिण टोकाला टगरनाँग भागात खोली घेतली होती. त्यापलीकडे नमाडगी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. "आई, आपल्या गच्चीतून येऊरचं डोंगरावरचं जंगल दिसतं ना, अगदी तसं," असं तो कौतुकाने सांगायचा.

इथेच आमची चूक झाली. ठाण्यात आमच्या वर्तकनगरच्या मुलांनी वणवा पाहिलेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊरच्या उतारावर रात्री आगीची रेघ दिसते, वाळलेलं गवत आणि पालापाचोळा जळतो, वनखात्याची माणसं आणि पाड्यांवरची पोरं हिरव्या फांद्यांनी झोडपून ती विझवतात. नुकसान होतं, पण आग बहुधा जमिनीलगत राहते. ऑस्ट्रेलियातलं रान निलगिरीचं. पानात तेल, सालीच्या लोंबत्या पट्ट्या. पेटलेली साल वाऱ्यावर उडून कित्येक किलोमीटर पुढे पडते आणि तिथे नवी आग धरते. येऊर पाहिलेल्या मुलाला वाटतं, आग अजून त्या डोंगरावर आहे, आपल्याला वेळ आहे.

त्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियात ३३ माणसं आगींत गेली, ३,००० हून जास्त घरं जळली. पण माझ्या मुलापर्यंत आधी पोहोचला तो धूर. १ जानेवारीला कॅनबेराची हवा जगातल्या मोठ्या शहरांत सगळ्यात वाईट होती. धुरामुळे टपालवाटप थांबलं, राष्ट्रीय कलादालन बंद झालं, दुकानांतले मास्क संपले. तिकडे तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते. स्थानिक मुलं घरी जातात, आणि मागे राहतात ती ज्यांचं घर विमानाने गाठावं लागतं ती. माझ्या मुलाला लहानपणी बाळदमा होता. मी सव्वीस वर्षं परिचारिका म्हणून काम केलं, फोनवर त्याचा श्वास ऐकूनच मला कळलं की हा खोटं बोलतोय. तरी तो "मी ठीक आहे" म्हणत राहिला. तो ज्या हॉटेलच्या किचनमध्ये काम करायचा ते दहा दिवस बंद होतं आणि तेवढे पैसे बुडाले, हेही मला चार महिन्यांनी कळलं. विद्यापीठाकडे अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी मदतनिधी होता. त्याने अर्ज केला नाही. मदत मागितली तर व्हिसावर शेरा येईल, अशी त्याची समजूत. आणि आईला सांगितलं तर ती परत ये म्हणेल, ही दुसरी भीती.

२७ जानेवारीला नमाडगीत लष्कराच्या हेलिकॉप्टरच्या दिव्याच्या उष्णतेने गवत पेटलं. ३१ तारखेला आणीबाणी जाहीर झाली. २००३ मध्ये याच शहरात चार माणसं आणि जवळपास ५०० घरं आगीत गेली होती. त्यानंतर अशी आणीबाणी पहिल्यांदाच. विद्यापीठाच्या मेल येत होत्या, त्याने उघडल्या नव्हत्या. सरकारी इशारा 'वॉच अँड ॲक्ट' असा होता. तीन पायऱ्यांतली ही मधली पायरी. तिचा अर्थ परिस्थिती बदलते आहे, आता हालचाल करा. माझ्या मुलाचं इंग्रजी उत्तम आहे. तरी त्याला वाटलं, 'वॉच' म्हणजे बघत राहा. तो खिडकीत बसून बघत राहिला.

त्याला बाहेर काढलं ते एका फोनने. विद्यार्थी कक्षातल्या एका बाईंनी पत्त्यांची यादी घेऊन दक्षिण भागात राहणाऱ्या मुलांना एकेक करून फोन लावले होते. तुझ्याकडे गाडी आहे का, न्यायला कोणी आहे का, औषध किती दिवसांचं उरलंय, एवढेच प्रश्न. मग रात्री राहायला वसतिगृहातली एक खोली. आमच्याकडे रात्रीचे नऊ वाजले होते, तिकडे अडीच. "आई, मी हॉस्टेलवर आहे" असा निरोप आला तेव्हा मी देवापाशी बसून रडले. त्या बाईंचं नाव मला आजही माहीत नाही.

पुढे दोन महिन्यांत करोना आला आणि ही आग आमच्याही घरात मागे पडली. पण तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की वाटते. आपली मुलं मागत नाहीत. त्यामुळे 'गरज असेल तर संपर्क साधा' अशी मदत त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. तिथल्या विद्यापीठांनी आधी विचारायला हवं, पत्ता बघून, फोनवर. अभ्यासाच्या कामाला मुदतवाढ मागितली तरच देऊ असं न म्हणता धोक्याच्या भागातल्या सगळ्यांना द्यावी. आणि मदतनिधी घेतल्याने व्हिसाला बाध येत नसेल तर ते अर्जावरच ठळक छापावं.

पण निम्मं काम ठाण्यातच होण्यासारखं आहे. मुलाला पाठवताना स्टेशनजवळच्या ज्या सल्ला केंद्रात आम्ही पैसे भरले, तिथे दोन तासांचं मार्गदर्शन झालं. बँक खातं, सिमकार्ड, आठवड्याला किती तास काम करता येतं, सगळं सांगितलं. आगीबद्दल एक वाक्य नाही. अशा प्रत्येक केंद्राने आणि मुलांना बाहेर पाठवणाऱ्या महाविद्यालयांनी यासाठी अर्धा तास द्यावा. इशाऱ्याच्या तीन पायऱ्या, २०२२ पासून आलेल्या आगीच्या धोक्याच्या चार श्रेणी, ट्रिपल झीरो हा आपत्कालीन क्रमांक, परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवरची नोंदणी. पालकांनाही त्यात बसवा. मी त्या दिवशी एकवीस फोन केले होते आणि त्याच्या फोनची बॅटरी मीच संपवली. दिवसातून दोन ठरलेल्या वेळी एक ओळीचा निरोप, एवढं आधी ठरवलेलं असतं तर पुरलं असतं.

शेजारची मुलगी काल स्वतः आली. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात ७ फेब्रुवारी २००९ ला लागलेल्या आगींत १७३ माणसं गेली, हे तिला माहीत नव्हतं. तिचा भाडेकरार अजून व्हायचा आहे. तिने तीन खोल्या निवडल्या होत्या. आम्ही दोघींनी नकाशा उघडून प्रत्येक खोलीपासून रान किती लांब आहे आणि बाहेर पडायला रस्ते किती ते मोजलं. सगळ्यात स्वस्त खोली एकाच रस्त्याच्या टोकाला होती. तिने ती यादीतून खोडली, आणि सामानाच्या यादीत दहा एन-९५ मास्क लिहिले.

— एक निवृत्त परिचारिका, वर्तकनगर, ठाणे (प.)